अढी मोजणारा मणी

वायुपंख फौंड्रीनं मला नोकरी दिली तेव्हा त्यांच्याकडं दुसरं माणूसच शिल्लक नव्हतं. हे त्यांनी मला गुलाबाचं फूल देऊन सांगितलं.

दोन हजार एक्केचाळीस साल. कोल्हापूरची तरणी पोरं एकेक करून जर्मनी-जपानला गेली होती, तिथल्या म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला. इथले म्हातारे ते व्हिडिओवर बघत बसायचे. फौंड्रीच्या दारावर 'कामगार पाहिजेत' ही पाटी इतकी वर्षं लटकली होती की तिच्या आडोशाला चिमण्यांच्या दोन पिढ्या वाढल्या. मध्ये रोबोट आणून झाले. साच्यांची वाळू त्यांच्या सांध्यांत गेली आणि वर्षभरात ते संधिवाताचे पेशंट झाले. माणूस त्यापेक्षा बरा. वाळू माणसाच्या छातीत गेली तर वॉरंटीचं भांडण होत नाही.

मग सगळ्यांना आमची आठवण झाली. आम्ही म्हणजे आजवर ज्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं ते. तुरुंगातून सुटलेले, पालावर राहणारे, डोळ्यांनी अधू, आणि माझ्यासारखे देवीला सोडलेले जोगते. पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभी केलेली माणसं एका सकाळी 'न वापरलेलं मनुष्यबळ' झाली. फ्रीजमागं घरंगळलेल्या लिंबाला सापडल्यावर कसं वाटत असेल, ते मला कळलं.

माझं नाव शेवंती. आधार कार्डावर अजून शिवाप्पा आहे. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यामुळं निदान व्याकरणानं मला कधी त्रास दिला नाही. बाकीच्यांनी दिला. लहानपणी माझ्या केसांत जट झाली, घरच्यांनी गळ्यात देवीचे मणी बांधले आणि मला यल्लम्माला सोडलं. तेव्हापासून अंगावर लुगडं, डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्ती बसवलेली टोपली, हातात परडी, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा. लोक परडीत पीठ टाकायचे, पाया पडायचे आणि मी वळले की उंबऱ्यावर पाणी ओतायचे.

मला वाढवलं पारूआक्कानं. ती माझी गुरू. कारखान्याचं ऐकून ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"कारखान्यात जातीयास? तिथं कुणाच्या दारात हुबी ऱ्हाणार?"

"दारात नाही आक्का, आत."

"आत घिऊन काय करत्यात ते बघून ये, मग मला सांग." तिनं माझी परडी खुंटीला अडकवली. "ही हितं हाय. वेताची हाय, गंजत न्हाई."

पहिल्या दिवशी प्रत्येकाला पिवळं हेल्मेट मिळालं. हेल्मेटच्या पट्ट्याला, बरोबर हनुवटीखाली येईल असा, ज्वारीच्या दाण्याएवढा मणी बसवला होता. समावेशन अधिकारी कामतमॅडम यांनी तो समजावून सांगितला. मॅडम पुण्याहून आल्या होत्या आणि इतक्या हळुवार बोलायच्या की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटायचं.

माणूस तोंडानं काहीही म्हणो, नकोसं कुणी जवळ आलं की त्याचं अंग आधी बोलतं. हनुवटीखालची कातडी किंचित ओलसर होते. रक्त आत ओढलं जातं, तिथला भाग जरा गार पडतो. श्वास छातीत वरच्या वर अडकतो. हे त्या माणसाला कळायच्या आत घडतं, म्हणून लपवता येत नाही. मणी हे टिपायचा. शिवाय एक मणी दुसऱ्यापासून किती लांब आहे, हेही त्याला कळायचं. म्हणजे कोण कुणाजवळ गेलं की आतून आखडतं, याची पक्की खबर. ती सगळी 'आपुलकी' नावाच्या प्रणालीत जमा व्हायची. त्या आखडण्याला कंपनीनं नाव दिलं होतं अढी. शंभरातून अढी वजा केली की उरतो तो आपुलकी निर्देशांक. तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सतत दिसायचा. तो नव्वदच्या वर गेला की सरकार कंपनीला वीज स्वस्त देणार, आणि आमची भट्टी विजेवर चालायची. थोडक्यात, लोकांच्या माझ्यावरच्या मायेनं लोखंड वितळणार होतं.

पहिल्या दिवशी निर्देशांक एकतीस आला.

मणी खोटं बोलत नव्हता. तीच पंचाईत होती. माझ्या गावात इतकं खरं बोलणारी वस्तू मी पहिल्यांदाच बघत होते. पण 'आपुलकी'ला माणसं बदलायला कुणी सांगितलं नव्हतं, आकडा बदलायला सांगितलं होतं. आणि हा आकडा बदलायचा सगळ्यांत सोपा उपाय आपल्या वाडवडिलांना विजेशिवायच सापडला होता.

आठवड्याभरात मला चहाला वेगळा कप आला. सोनेरी, वर 'तू खास आहेस' असं लिहिलेला. जेवायची वेळ वेगळी झाली, कारण गर्दीत मला अवघडल्यासारखं होतं असं 'आपुलकी'नं ओळखलं होतं. मग वेगळा संडास. त्याची फीत कापली, पेढे वाटले, पेढे देणाऱ्यानं माझा पेढा टेबलावर ठेवून दिला. पालावरून आलेल्या दोघा भावांना गेटबाहेरच्या शेडमध्ये बसवलं, त्याला 'मोकळं वातावरण' म्हणायचं. दर बदलाला पडद्यावरचा आकडा चढत गेला.

"मॅडम," मी विचारलं, "सगळ्यांनी मला टाळलं की त्याला समावेश म्हणायचं का?"

"शेवंतीताई, आपण शब्दांत नको अडकायला. निर्देशांक एकसष्ट आलाय. तुम्हाला कसं वाटतंय?"

"एकसष्ट वाटतंय."

त्यांनी ते लिहून घेतलं.

शेवटी 'आपुलकी'नं विचार केला असणार की या इमारतीत माणसांपासून सगळ्यांत लांबची खुर्ची कुठली? ती होती छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये. तिचा जुना चालक जपानला गेला होता. मला शिकवलं आणि वर पाठवलं.

गंमत म्हणजे मला ती खुर्ची आवडली. आवडली हा शब्द थिटा आहे. खाली भट्टी, समोर दोन दांडे, आणि हुकाला वितळलेल्या लोखंडाची बादली. तिला फौंड्रीत लॅडल म्हणतात. ती उचलायची, साच्यापर्यंत न्यायची आणि झोका बसू द्यायचा नाही. डोक्यावर जग घेऊन मी इतकी वर्षं नाचले होते. वजन कधी झुलायला लागणार ते मला मानेतच कळायचं. पहिल्यांदाच असं काहीतरी हातात आलं होतं की ज्यासाठी कुणी पाया पडत नव्हतं आणि नाक मुरडत नव्हतं. लोखंड आलं की लोक फक्त बाजूला व्हायचे. लोखंडामुळं, माझ्यामुळं नव्हे. दसरा झाला की मला कायम करणार होते, क्रेन ऑपरेटर म्हणून. मी बाकी काहीच मागत नव्हते. सोनेरी कपही परत करणार होते.

खाली इक्बाल मुल्लाणी होता. लॅडल हुकाला अडकवायची आणि मला हातानं खुणा करायच्या, हे त्याचं काम. भट्टीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, त्यामुळं आमची सगळी मैत्री हातांची. वर, खाली, थांब, एवढ्या खुणा कंपनीच्या. 'चहा' ही त्याची. पोट पुढं काढून फिरणं म्हणजे सुपरवायझर घोरपडे येतोय, ही माझी. मी लॅडल उचलली की मुल्लाणी झपाझप मागं सरायचा, मान वर, कपाळावर घाम. कधीच चुकला नाही.

"माझ्या हातावर भरवसा नाही व्हय तुझा?" एकदा जिन्यात मी विचारलं.

"हाय की."

"मग इतका भितोस?"

"शेवंते, भरवसा तुझ्यावर हाय. लोखंडाची आणि माझी वळख न्हाई."

फौंड्रीत भ्यायचं कसं ते ज्याला येतं, तो म्हातारा होतो. मुल्लाणीचे केस पिकायला लागले होते.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा. भट्टीला झेंडूच्या माळा, क्रेनच्या हुकाला लिंबू. मी जिना उतरून खाली आले, तर समोर सर्जेराव घोरपडे उभा. सहा महिने हा माणूस मी ज्या जिन्यानं जाते त्या जिन्यानं गेला नव्हता. आज हातात नारळ.

"शेवंतीबाई, तेवढा देवीचा भंडारा लावा की भट्टीला. तुमच्या हातानं लागला की काय बघायचंच न्हाई."

"घोरपडेसाहेब, माझा संडास वेगळा आहे. भट्टी चालेल का?"

"असं काय बोलताय! तुमी देवीचं माणूस."

मी भंडारा लावला. मग त्याच्या मोटरसायकलीला लावला. मग रांग लागली. कुणी पाकीट पुढं केलं, कुणी पोराचा पासपोर्ट. सगळे वाकले, पायाला हात लावला. मला चहाचा कप हातात न देणारे ते हात. वर पडद्यावर आकडा पळत सुटला. मला घाबरणारे, मला टाळणारे जबडे कोरडे पडले होते, श्वास पोटापर्यंत उतरले होते.

कामतमॅडम धावत आल्या. त्या हळुवार बोलायच्या विसरल्या होत्या. "एकशे चार!"

"शंभरापैकी?"

"शंभरापैकी! अढी शून्याच्या खाली गेली, ताई! असं देशात कुठंही झालेलं नाही!"

दसऱ्यानंतर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांची केबिन, माझी नव्हे. 'आपुलकी'च्या शिफारशी आल्या होत्या. पहिली, शेवंती यांना खाली आणावं. 'मांगल्य सहयोगी' असं नवं पद. दर पाळीच्या सुरुवातीला हिरवं लुगडं नेसून गेटवर उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकाला भंडारा लावायचा. भंडारा कंपनीचा, परडीवर कंपनीचं बोधचिन्ह.

"आणि क्रेन?"

"सोमवारपासून क्रेन आपुलकीच चालवेल. तुम्हाला आता कष्ट करायची गरजच नाही, ताई!"

"मॅडम, हेच सोडून मी इथं आले होते."

"पण इथं तुम्हाला सन्मान आहे. पीएफ आहे."

दुसरी शिफारस मुल्लाणीबद्दल होती. खंडेनवमीला सगळ्यांची अढी वितळली, एकट्या मुल्लाणीची नाही. तो त्या दिवशी पाया पडायला आलाच नव्हता, खाली लॅडलचा हुक तपासत होता. आणि रोज, नेमकी शेवंती त्याच्या डोक्यावर आली की त्याचा जबडा घामानं भिजतो, श्वास अडकतो, तो पाठीमागं पळतो. अख्ख्या फौंड्रीत सगळ्यांत अढीबाज माणूस म्हणून त्याचं नाव निघालं होतं. त्याला मनपरिवर्तन शिबिराला पाठवायचं ठरलं होतं.

मी हसले. मग मला कळलं की त्या हसत नाहीत.

"अहो, तो मला भीत नाही. माझ्या हुकाला उकळतं लोखंड असतं, त्याला भितो!"

"ताई, मण्याला तसं काही दिसलेलं नाही."

"कसं दिसणार? लोखंडाच्या गळ्यात मणी बांधलाय का तुम्ही?"

त्यांनी तेही लिहून घेतलं.

घरी आक्का ज्वारी निवडत होती. "मांगल्य सहयोगी म्हंजे काय गं?"

"जोगतीण. हजेरी लावून."

आक्का पोट धरून हसली. हसता हसता थांबली आणि सूप बाजूला ठेवलं. "मग आमी काय वाईट हुतो गं? कुठल्या दारात जायचं आणि कुठल्या न्हाई, ते तरी आमचं आमी ठरवत हुतो."

मी क्रेन चालवायचा तो शेवटचा आठवडा. बुधवारी मुल्लाणी शिबिरातून परतला. छातीवर बिल्ला होता, 'मी अढी सोडली'. मी लॅडल उचलली, पुढं सरकवली, आणि खाली बघितलं तर मुल्लाणी जागचा हलला नव्हता. तो हसत होता. दात दाखवून, फोटोत हसतात तसा. मी मागं हो म्हणून खूण केली. त्यानं अंगठा वर केला. पोट फुगवून हळू श्वास सोडला. लॅडलच्या ओठावरून एक थेंब सुटला, लालभडक, आणि त्याच्या बुटावर पडला. बूट धुरायला लागला. मुल्लाणी हसतच होता.

मी क्रेन थांबवली, लॅडल अंगुळ अंगुळ मागं घेऊन खड्ड्यावर टेकवली आणि जिन्यावरून जवळजवळ घसरत खाली आले. तोवर कुणीतरी त्याचा बूट कापून काढला होता. पायाला फोड आला होता, पाय वाचला होता.

"मुडद्या, मागं का झाला नाहीस?"

"मागं सरायचं न्हाई म्हणून शिकवलंय. पोटातनं श्वास घ्यायचा आणि हसायचं." त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "परत अढी दिसली तर गेटवर फोटो लावणार म्हणाल्यात. 'यांच्यासारखं होऊ नका' म्हणून. माझी पोरगी त्याच रस्त्यानं शाळेला जाती, शेवंते."

मी त्याच्या हनुवटीला हात लावला. कोरडी ठणठणीत. भट्टीपुढं उभ्या माणसाची हनुवटी कोरडी असेल तर तो एकतर नवखा असतो नाहीतर मेलेला. कंपनीनं एका धडधाकट माणसाच्या अंगातून त्याची जगायची अक्कल काढून घेतली होती आणि वर बिल्ला दिला होता. सोमवारी वर मीही नसणार होते.

मी तशीच कामतमॅडमकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि पडदा माझ्याकडं वळवला.

"वाईट झालं. पण सुधारणा बघा ना, ताई. मुल्लाणींची अढी आज शून्य आहे."

शुक्रवारी मी खुंटीवरची परडी काढली. आक्का चुलीपुढून उठली. भंडाऱ्याची पिशवी दिली आणि माझ्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या.

पाळी सुरू व्हायच्या वेळी मी फौंड्रीच्या दारात उभी राहिले. कामतमॅडमना वाटलं सोमवारची रंगीत तालीम आहे. त्यांनी फोनवर चित्रण सुरू केलं. मी परडी पुढं केली आणि जेवढा घसा होता तेवढा लावला.

"उदं गं आई उदं! जोगवा घाला!"

घोरपडे सगळ्यांच्या पुढं होता. पाया पडला, खिशातून मूठभर तांदूळ काढले.

"तांदूळ नकोत, घोरपडेसाहेब. हनुवटीखालचा मणी घाला."

"मणी? तो कंपनीचा हाय की."

"आणि परडी कुणाची आहे?"

त्यानं कामतमॅडमकडं बघितलं. मग परडीकडं. मग लांब उभ्या असलेल्या, भंडारा लावलेल्या मोटरसायकलीकडं. नवी होती, हप्ते बाकी होते. त्यानं पट्ट्याचा मणी टक्कन काढला आणि परडीत टाकला. मग दुसऱ्यानं टाकला. मग टकटक असा आवाज येतच राहिला. माना खाली, डोळे माझ्या पायांवर. मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा सोनेरी कप मिळाला तेव्हाही आला नव्हता. सहा महिने यांच्या शेजारचा पाट माझ्या हक्काचा होता, कुणी सरकलं नाही. आज जोगवा मागितला तर नाही म्हणायची एकाची छाती नव्हती.

शेवटी कामतमॅडम उरल्या. "मी हे असलं मानत नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे. तुमच्या लेकीची जर्मनीची मुलाखत मंगळवारी ना?"

मॅडमचा मणी परडीत पडला. त्यांच्या हनुवटीखाली घाम चमकला. बरं होतं, मोजायला आता मणी नव्हता.

मुल्लाणी लंगडत आला आणि त्याचा मणी टाकताना म्हणाला, "माझा धर्म येगळा हाय, चालतंय न्हवं?"

"तुझा आधी हवा होता."

परडी घेऊन मी वर गेले आणि केबिनमध्ये खुर्चीशेजारी टांगली.

हेल्मेटशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, म्हणून मणी हेल्मेटवरून वेगळा होईल हे 'आपुलकी' बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि भट्टीच्या वरची केबिन माणसाच्या अंगाएवढी गरम असते. त्यामुळं 'आपुलकी'ला दिसलं ते असं: वायुपंख फौंड्रीचे यच्चयावत कामगार, सुपरवायझर आणि समावेशन अधिकारी शेवंतीच्या मांडीला मांडी लावून बसलेत. एकाच्याही हनुवटीला घाम नाही. श्वास इतके शांत की नाहीतच. आणि दिवसभर कुणी उठून जात नाही.

रविवारी नवी शिफारस आली. शेवंती यांना या जागेवरून कधीही हलवू नये. सोमवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्या महिन्यात सरकारची समिती येऊन फौंड्रीला राज्यातली सर्वाधिक समावेशक म्हणून ढाल देऊन गेली. एवढी सगळी माणसं क्रेनच्या केबिनमध्ये मावतात कशी, हा प्रश्न समितीत एकालाही पडला नाही. कामतमॅडमना पडला होता. त्या ढाल घेऊन हसत होत्या, दात दाखवून, फोटोत हसतात तशा.

पण त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. परडी टांगून मी पहिली लॅडल उचलली. खाली मुल्लाणीनं वर बघितलं. बिल्ला अजून छातीवर होता. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याच्या कपाळावरून घामाची धार सुटली, तोंड वेडंवाकडं झालं आणि तो लंगडत लंगडत पार भिंतीपर्यंत मागं पळाला. इतका भ्यालेला मी त्याला कधी बघितला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लॅडल जराही हलली नाही.

दुपारी मी सोनेरी कप वरच ठेवला, परडी काखेत घेतली आणि सगळ्यांच्या वेळेला, सगळ्यांच्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडला. बाकावरची माणसं एकेक करून उठली. कुणाला हात धुवायचे होते, कुणाला फोन आला. घोरपडेनं जाताना परडीला नमस्कार केला. बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा झाला. समोर पडद्यावर शंभर.

मी भाकरी मोडली. एवढ्यात मुल्लाणी आला, घाम पुसत, एका पायात बूट, एका पायात चप्पल. माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"सरक की."

"अख्खा बाक मोकळा आहे, मुल्लाणी."

"हाय की. पण पंखा हितं हाय."

मी सरकले.